पोटासाठी परदेश, विद्येसाठी उंबरठा

गेल्या महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील चार वडीलधारी मंडळी ऑफिसात आली. बसा म्हटले तरी कोणी बसेना. शेवटी त्यांतील थोरल्यांनी तोंड उघडले. "फादर, तुमचा शब्द ती मोडायची नाही. तिला जरा समजावून सांगा की."

'ती' म्हणजे आमच्याच एका कुटुंबातील मुलगी. गणितात एम.एस्सी. झालेली, प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत पार करून परराज्यातील एका संस्थेत संशोधनासाठी निवडली गेलेली. पाच-सहा वर्षांचे काम, दरमहा विद्यावेतन. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांची सोय आपली आपण करावी लागते, कारण पहिले विद्यावेतन हाती यायला वेळ लागतो. म्हणून तिने धर्मग्रामाच्या शिक्षणनिधीतून कर्ज मागितले होते. समितीने ते नाकारले. नाकारून झाल्यावर, तिने स्वतःच तो नाद सोडावा असे आम्ही सांगावे, म्हणून ही मंडळी आली होती.

"नर्सिंग केलं असतं तर आज कुवेतला असती," एकजण म्हणाले. दुसऱ्यांना वेगळीच चिंता होती. "एवढं गणित डोक्यात शिरल्यावर देवाला जागा राहती का फादर?" तिसरे म्हणाले, "गेली ती गेली. परत कशाला येतीया?" चौथे मुलीचे वडील. ते काहीच बोलले नाहीत, नुसते जमिनीकडे पाहत उभे राहिले.

आम्ही समजावणार नाही, एवढेच आम्ही त्या दिवशी सांगितले. मंडळी नाराज होऊन गेली. अंगणात जे बोलायचे राहिले ते येथे लिहीत आहोत; आणि हा वाद केवळ आमच्या इस्लामपुराचा नाही, अशी आमची खात्री असल्यामुळे ते या पानांत लिहीत आहोत.

स्थलांतर म्हणजे काय हे वाळवे तालुक्याला कोणी शिकवावे अशी स्थिती नाही. दसरा-दिवाळी झाली की बीडकडची ऊसतोड कुटुंबे येथे येतात, कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत पाचटाच्या खोप्यांत राहतात. पलीकडे विटे-खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यांत गेले; त्यांच्या गावाकडच्या माड्या त्या धंद्याने उभ्या राहिल्या. शेजारच्या मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू करणारे डॉ. विल्यम वानलेस कॅनडात जन्मलेले होते. ते आपल्या पंथाचे नव्हेत, पण परमुलखातून आलेल्या त्या माणसाचे ऋण या जिल्ह्यात कोण नाकारील? आमच्या स्वतःच्या मंदिरात रविवारी जमणारी मंडळी तरी कोठली? कोणी नगरकडून आलेले, कोणी गोव्याचे, कोणी तामिळ मुलखातले, सिस्टर्स केरळच्या. या गावात पिढ्यान् पिढ्या रुजलेले असे आमच्यात फार थोडे. (गावाचेही नाव आता बदलले. २०२५ मध्ये ईश्वरपूर असे नामांतर जाहीर झाले. पण जुन्या माणसांच्या तोंडी इस्लामपूरच आहे आणि त्याहून जुन्यांच्या तोंडी उरुण. अब्राहामाने सोडलेल्या गावाचे नाव ऊर होते, हे आठवून आम्हांस कधी कधी हसू येते.)

मग आमचा आक्षेप स्थलांतराला नाहीच. आखातात नोकरी लागली की आमच्याकडे पेढे वाटले जातात. व्हिसा लवकर यावा म्हणून नोव्हेना होतात आणि आम्ही त्या आनंदाने चालवतो. बावीस वर्षांची मुलगी एकटी विमानात बसून अनोळखी देशात रात्रपाळी करायला जाते, तेव्हा तिच्या अब्रूची काळजी कोणी आमच्या ऑफिसात येऊन बोलून दाखवीत नाही. तीच मुलगी आपल्याच देशातील विद्यासंस्थेच्या वसतिगृहात राहायला निघाली की चौघांची शिष्टाई येते! याच शिक्षणनिधीतून परिचर्येच्या अभ्यासक्रमासाठी कर्जे दिली गेली आहेत; पासपोर्ट आणि एजंटाच्या खर्चासाठीही दिली गेली आहेत. ती दिली याबद्दल आमची तक्रार नाही. परिचारिकेचे काम पवित्र आहे. आमची तक्रार अशी आहे की, पोटासाठी ओलांडायला आम्ही समुद्रही मोकळा ठेवतो आणि विद्येसाठी घराचा उंबरठा उंच करतो.

ही वृत्ती जुनी आहे. किती जुनी, ते सांगण्यासाठी वाचकांना थोडे मागे, जुन्या गोव्यात न्यावे लागेल.

१५७८ च्या सप्टेंबरात मातेओ रिच्ची नावाचा पंचवीस वर्षांचा येशूसंघी गोव्याच्या बंदरात उतरला. रोममध्ये तो क्लाव्हियस यांच्या हाताखाली गणित शिकला होता. हे क्लाव्हियस म्हणजे १५८२ च्या पंचांगसुधारणेतील प्रमुख गणिती. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. ते पंचांग आपण आजही भिंतीवर टांगतो. पुढे 'ख्रिस्तपुराण' लिहून मराठीला आपलीशी करणारे फादर स्टीफन्स हे याच सुमारास, १५७९ मध्ये, गोव्यात आले. रिच्ची यांनी गोव्यात धर्मज्ञानाचा अभ्यास केला, १५८० मध्ये कोचीनला त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १५८२ मध्ये ते चीनकडे रवाना झाले.

जाण्यापूर्वी, १५८१ मध्ये, त्यांनी संघाचे प्रमुख आक्वाव्हिवा यांना गोव्याहून एक पत्र लिहिले. ते आमच्या प्रत्येक शिक्षणसमितीने वाचावे असे आहे. त्या काळी गोव्यातील संघाच्या महाविद्यालयात देशी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मज्ञान यांच्या वर्गांपासून दूर ठेवण्याचा निर्णय झाला होता. कारण काय दिले होते? ही मुले जास्त शिकली तर गर्विष्ठ होतील, गोरगरिबांच्या खेड्यांत काम करायला तयार होणार नाहीत. तरुण रिच्ची यांनी आपल्याच वडीलधाऱ्यांच्या या निर्णयाला लेखी विरोध केला. शिकल्याने गर्व चढतो म्हणावे तर तो युरोपातल्या विद्यार्थ्यांनाही चढू शकतो, मग त्यांना कोणी अडवीत नाही. आणि अज्ञानात ठेवलेली माणसे उद्या आमचाच द्वेष करतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्या वेळी अडवणारे परके होते. वाचकहो, आज त्याच कारणासाठी, जवळजवळ त्याच शब्दांत, आमच्या मुलीला अडवणारे आमचेच आहेत.

आम्ही ज्या पेपल सेमिनरीत शिकलो ती देशी धर्मगुरू घडावेत म्हणून १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांच्या इच्छेने कँडी येथे सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यास आली. रिच्ची यांच्या पत्रानंतर तीनशे बारा वर्षांनी! ती दारे उघडली नसती तर गावाकडच्या घरातून आलेले आमच्यासारखे धर्मगुरू आज वेदीपाशी उभे नसते, हे आम्ही विसरू शकत नाही.

रिच्ची यांचे पुढे काय झाले? चीनमध्ये त्यांनी शू ग्वांगची या विद्वान अधिकाऱ्याबरोबर युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनी भाषेत आणले. ते १६०७ मध्ये प्रसिद्ध झाले. भूमितीसाठी त्या ग्रंथाच्या नावातून आलेला शब्द चिनी शाळांत आजही वापरला जातो. शू १६०३ मध्ये ख्रिस्ती झाले होते. पण आम्हांस येथे त्यांच्या बाप्तिस्म्याइतकेच महत्त्व त्या दोघांनी टेबलाशी बसून केलेल्या कामाला द्यावेसे वाटते. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२२ मध्ये रिच्ची यांना 'आदरणीय' ही पदवी दिली, तेव्हा त्यांचे गणित बाजूला काढून ठेवले नव्हते.

गणित म्हणजे हिशेब, अशी आमच्याकडे समजूत आहे. गणितात एम.एस्सी. झालेल्या मुलीला "मग बँकेत का नाही?" असे विचारणारे काही वाईट लोक नव्हेत, त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. म्हणून युक्लिडच्या पहिल्या भागातील एक गोष्ट सांगतो. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन होते, हे सर्वांनी शाळेत पाठ केले. ते खरे कशावरून? शंभर त्रिकोण मोजून पाहता येतील. हजार मोजता येतील. पण एक हजार एकावा त्रिकोण तसाच निघेल याची हमी मोजपट्टी देत नाही. आता त्रिकोणाच्या वरच्या टोकातून पायाला समांतर अशी एक रेघ ओढा. पायाजवळचे दोन्ही कोन त्या रेघेला लागून, वरच्या कोनाच्या दोहो अंगांना जसेच्या तसे दिसू लागतात. तिन्ही कोन मिळून ती सरळ रेघ भरून काढतात. झाले. आता जगातील कोणत्याही सपाट कागदावरचा, अजून काढलाही न गेलेला त्रिकोण या विधानातून सुटू शकत नाही. याला सिद्धता म्हणतात. संशोधन म्हणजे अशी एखादी रेघ शोधणे, जी आजवर कोणालाच सुचलेली नाही. ती सुचायला कधी पाच वर्षे लागतात, कधी सुचतच नाही.

याने पोट भरते का, हा प्रश्न खोटा नाही. आम्ही त्याची टिंगल करणार नाही. पण त्याचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात दिसते असे एक नाव आमच्या कॅथलिक घरांत जवळजवळ अज्ञात आहे, याची आम्हांस लाज वाटते. ते नाव फादर शार्ल रासीन.

रासीन हे १८९७ मध्ये जन्मलेले फ्रेंच येशूसंघी. पॅरिसमध्ये एली कार्तान या थोर गणितज्ञाच्या परंपरेत त्यांनी सापेक्षतावादाच्या गणितावर प्रबंध लिहिला, १९३४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. आंद्रे वेय, आंरी कार्तान ही त्या काळी फ्रान्समध्ये गणिताची नवी घडी बसवणारी तरुण मंडळी त्यांच्या ओळखीची. असा माणूस पॅरिसला राहून नाव कमावू शकला असता. १९३७ मध्ये ते भारतात आले. आधी तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ्स कॉलेजात आणि १९३९ पासून मद्रासच्या लोयोला कॉलेजात शिकवू लागले. १९६७ पर्यंत शिकवीत राहिले, १९७६ मध्ये वारले.

त्यांचे व्याख्यान म्हणे फारसे घोटीव नसे. पण आपल्या देशातील गणिताचे शिक्षण तेव्हा केंब्रिजच्या जुन्या परीक्षापद्धतीत अडकून पडले होते, आणि रासीन मुलांच्या हाती युरोपातली नवी पुस्तके ठेवीत होते. ही वाट आता इकडे वळली आहे, असे दाखवीत होते. हुशार मुलांना ते सांगत, मुंबईला जा. मुंबईत १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली होती. त्यांच्या सांगण्यावरून १९५३ मध्ये दोन तरुण तेथे गेले: एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री. मागून सी. पी. रामानुजम गेले. मद्रास सोडून मुंबई, मुंबईतून काही वर्षे पॅरिस, पुन्हा मुंबई. १९६५ मध्ये नरसिंहन आणि शेषाद्री यांनी जे प्रमेय प्रसिद्ध केले ते आज जगभर त्या दोघांच्याच नावाने ओळखले जाते. ते समजावून सांगणे आमच्या शक्तीबाहेरचे आहे. एवढेच म्हणता येईल की, अगदी वेगळ्या दिसणाऱ्या दोन प्रकारच्या रचना, एक भूमितीच्या अंगणातली आणि एक बीजगणिताच्या, एकमेकींशी अचूक जोडल्या जातात, असे त्यांनी सिद्ध केले. १९८३ मध्ये डोनाल्डसन या इंग्रज गणितज्ञाने त्याचीच निराळी सिद्धता पदार्थविज्ञानातून आलेल्या कल्पनांनी दिली. कशाचा उपयोग कोणाला कधी होईल हे आमच्या समितीला बैठकीत ठरवता येत नाही, ते असे.

येथे आमच्यातील काही उत्साही मंडळी विचारतील, रासीन यांनी किती जणांना ख्रिस्ती केले? शेषाद्री आणि नरसिंहन हिंदू घरांतले होते, हिंदूच राहिले. आमचा प्रश्न उलटा आहे. आमचेच कॉलेज, आमच्याच धर्मगुरूने दोन तपांहून अधिक काळ पेटता ठेवलेला दिवा; त्या उजेडात बसायला आमच्या किती घरांनी आपली मुले पाठवली? परक्या देशातून आलेल्या धर्मगुरूने सर्वांच्या मुलांना वाट दाखवली. आम्ही आमच्या मुलीची वाट अडवायला धर्मगुरूकडेच येतो.

आता देवाला जागा राहते की नाही याविषयी. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे १९२३ मध्ये गुरुदीक्षा घेतलेले धर्मगुरू आणि गणिती. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ मध्ये समीकरणांतून मांडले, आणि आरंभी ते एका अणूएवढ्या बीजात सामावले होते, ही कल्पना १९३१ मध्ये. १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी एका भाषणात ही नवी विद्या उत्पत्तीच्या श्रद्धेला दुजोरा देते, अशा अर्थाचे उद्गार काढले. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता, नाही? त्यांना चिंता वाटली. आपल्या समीकरणांचा वापर देवाचा पुरावा म्हणून होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. ज्याची श्रद्धा खोल असते त्याला ती समीकरणाच्या खुंटीला टांगावी लागत नाही. मोबाईलवर प्रकटीकरणाच्या पुस्तकातील आकडे जुळवून जगाचा अंत कधी होणार हे सांगणारे निरोप आमच्या धर्मग्रामात रोज फिरतात आणि ते पाठवणाऱ्यांत आमच्या समितीचे सभासदही आहेत. आमच्या मते त्या मुलीच्या गणितापेक्षा या गणिताने श्रद्धेची जास्त हानी होते.

येथवर आम्ही इतरांना बोललो. आता स्वतःचे सांगणे प्राप्त आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक बाप आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आला होता. मुलाच्या हातात वह्या होत्या. त्यांत पानेच्या पाने अविभाज्य संख्या लिहिलेल्या. कोठे दोन-दोनच्या अंतराने जोड्या येतात त्यांवर लाल खुणा. ११ आणि १३, १७ आणि १९, २९ आणि ३१. मुलगा विचारत होता, या जोड्या कधी संपतात का? आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक नाही असे म्हणण्याचा मोठेपणाही नव्हता. "बाळा, याने चूल पेटत नाही," असे म्हणून आम्ही त्याला डिप्लोमाला घालण्याचा सल्ला दिला. बापाने आमचे हात हातात घेऊन आभार मानले. मुलगा आज आखातात एका प्लँटवर सुपरवायझर आहे. घर बांधले, बहिणींची लग्ने केली. आमचा सल्ला यशस्वी झाला, असेच कोणीही म्हणेल.

दर नाताळला त्याचा फोन येतो. काही वर्षांपूर्वी बोलता बोलता तो म्हणाला, "फादर, त्या जोड्यांचं काही नवीन निघालंय म्हणतात. एका चिनी माणसानं काढलंय." फोन ठेवल्यावर आम्ही शोध घेतला. यीतांग झांग नावाचे गृहस्थ चीनमधून १९८५ मध्ये अमेरिकेत गेले, डॉक्टरेट मिळवूनही वर्षानुवर्षे त्यांना विद्यापीठात जागा मिळाली नाही. सँडविचच्या दुकानात हिशेब सांभाळण्यासारखी कामे त्यांनी केली. २०१३ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी सिद्ध केले की ज्यांच्यातील अंतर सात कोटींहून कमी आहे अशा अविभाज्य संख्यांच्या जोड्या कधीच संपत नाहीत. दोनच्या अंतराचा प्रश्न आजही सुटलेला नाही. म्हणजे त्या मुलाने लाल शाईने विचारलेला प्रश्न जगातील मोठमोठ्या गणितज्ञांचा प्रश्न होता, आणि आम्ही त्याला चुलीचे उत्तर दिले. तो ते विसरलेला नाही. रागावलेलाही नाही, आणि तेच आम्हांस अधिक लागते.

राहता राहिले, 'परत कशाला येतीया'. खरे आहे, काही येत नाहीत. टाटा संस्थेतील गणिताचा विभाग ज्यांनी उभा केला ते के. चंद्रशेखरन १९६५ मध्ये झुरिचला गेले. नरसिंहन १९९२ मध्ये इटलीत त्रिएस्तेच्या केंद्रात गेले. उत्तरायुष्यात बंगळूरला राहिले. शेषाद्री चेन्नईला परतले आणि १९८९ मध्ये त्यांनी तेथे गणिताची नवी संस्था काढली. कोण येईल, कोण राहील, हे आधी लिहून घेता येत नाही. अब्राहामाने तर आपल्या चाकराला बजावून सांगितले होते की, काही झाले तरी इसहाकाला मागे, जुन्या मुलखात नेऊ नकोस. बारावे पायस यांनी १९५२ मध्ये स्थलांतरितांविषयीचे आपले आज्ञापत्र लिहिले, तेव्हा मिसर देशात परागंदा झालेल्या नाझरेथच्या कुटुंबाला त्यांनी सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटले. त्या कुटुंबाकडे कोणी परतीची हमी मागितली नव्हती. आखातात गेलेल्यांकडे आम्ही मागतो का? तेथून पैसे येतात, म्हणून माणूस आला नाही तरी आमचे चालते. खरे दुखणे तेथे आहे, आणि ते आम्ही देवाच्या नावाखाली झाकू नये.

मुलीचा अर्ज आम्ही पुन्हा समितीपुढे ठेवला आहे. रक्कम तीच, परतफेडीची मुदत तीच, जी परिचर्येच्या कर्जांना आहे. जामीनदार म्हणून एक सही आमची आहे. नियमाप्रमाणे दुसरी पालकाची लागते. ती जागा कोरी आहे. परवा सायंकाळी तिचे वडील एकटेच ऑफिसात येऊन गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टेबलावरचा कागद ओढून म्हणाले, "फादर, ते त्रिकोणाचं काय म्हणत होता, पोरगीबी घरी तसंच काहीतरी सांगत हुती. जरा काढून दाखवा." आम्ही रेघ ओढून दाखवली. कागद घडी करून त्यांनी खिशात घातला. समितीची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे.